प्रमाण हात

यास्मिन मुल्लाच्या हातांनी मिक्सर पालथा घातला, बुडाचे चार रबरी पाय उपटून ओट्यावर ओळीनं ठेवले आणि आतले स्क्रू सोडायला घेतले. यास्मिनचं तिकडं लक्षही नव्हतं. सातवीच्या मुलांनी सहामाहीच्या पेपरात काय काय दिवे लावलेत, ते ती रंगवून सांगत होती. हात आपले आपण चालले होते. गेली सहा वर्षं कुपवाडातल्या घराघरांत ते असेच चालत होते.

समोर स्टुलावर शेजारच्या द्वारकाक्का शिनगारे चहा पीत बसल्या होत्या. वय अठ्ठावन्न, त्यातली पस्तीस वर्षं मोटारींचं वाइंडिंग करण्यात, जळकी तार काढून नवी भरण्यात गेलेली. मिरजेपर्यंतचे जळके पंप, बंद पंखे, धूर काढणारे मिक्सर त्यांच्या दारात येऊन पडत आणि चालू होऊन परत जात. शाळा चौथीपर्यंत. बाकीचं सगळं बोटांनी शिकलेलं.

यास्मिनच्या हातात कोपरापर्यंतचे राखाडी मोजे होते. कंपनीनं त्यांचं नाव ठेवलं होतं ‘हस्तक’. मनगटावरचा बारीक डोळा समोरची वस्तू ओळखायचा, तिचं दुखणं हेरायचा आणि मग कापडात विणलेल्या तारा हाताच्या स्नायूंना विजेचे टिचके द्यायच्या. टिचका बसला की बोट वळायचं. कोणत्या क्षणी कोणता स्नायू किती ओढायचा, याची सगळी नोंद मोज्यात भरलेली असे. तिला म्हणत स्नायूलिपी. मोजे घालणाऱ्याला काही म्हणजे काही यावं लागत नसे.

द्वारकाक्कांना हे मोजे आले तेव्हा आवडले होते. मेकॅनिकच्या मिनतवाऱ्या करत बायका चार-चार दिवस ताटकळत बसायच्या, ते संपलं. सोपी कामं घरच्या घरी व्हायला लागली आणि अक्कांकडं फक्त अवघड दुखणी यायला लागली. त्यात त्यांना कमीपणा नव्हता, उलट ऐट होती. राग आला तो गेल्या वर्षीच्या नियमाचा. दुसऱ्याच्या घरातलं कुठलंही यंत्र उघड्या हातानं खोलायचं असेल तर आता परवाना लागणार होता आणि परवान्यासाठी परीक्षा. ज्यांनी जन्मात पक्कड धरली नाही, त्यांनी खोलीत बसून हा नियम लिहिला होता. अक्कांची परीक्षा गुरुवारी होती.

यास्मिनच्या बोटांनी तिसरा स्क्रू काढला. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या चिमटीत स्क्रू, अंगठा ताठ वर. सगळे मोजे असेच धरतात, हे अक्कांनी येता-जाता पाहिलं होतं. असेल कंपनीची काही तऱ्हा, म्हणून सोडून दिलं होतं. पण शेजारी बसून सुरुवातीपासून शेवटपर्यंत काम बघायची वेळ आज पहिल्यांदाच आली होती.

चौथा स्क्रू सुटला आणि यास्मिनचा उजवा हात हवेत दोनदा झटकला गेला.

अक्कांचा कप ओठाशीच थांबला.

“हात का झटकलास गं?”

“मी कुठं झटकला? मोजा झटकतो. चौथ्या स्क्रूला झटकतोच.”

“कशापायी?”

“घाम जावा म्हणून. आमच्या कार्यानुभवाच्या पुस्तकात आहे की. पायरी सहावी, हात दोनदा झटकणे. पोरांना तोंडपाठ आहे.”

अक्कांनी कप खाली ठेवला. “आता झाकण बसवलं की हात वर जातूया का? खांद्याच्या वर, आन् जरा तसाच ऱ्हातूया?”

“समाप्ती-मुद्रा म्हणतात तिला,” यास्मिन म्हणाली. “अक्का, तुम्ही मोजे कधी वापरले? तुम्ही तर हातसुद्धा लावत नाही त्यांना.”

अक्का हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, पदर तोंडाला लावला तरी थांबेना. यास्मिन हात अडकलेल्या अवस्थेत त्यांच्याकडं बघत राहिली. मोजे काम संपल्याशिवाय सोडत नसत.

“अगं बाई,” अक्का शेवटी म्हणाल्या, “तो माझा हात हाय. आन् ते माझं नखुरडं हाय.”

नऊ वर्षांपूर्वी वाइंडिंगच्या शेडवर दोन तरुण इंजिनिअर आले होते. बोलायला गोड. ‘अक्का, तुमचा हात बघायचाय’ म्हणाले. पाच दिवस त्यांनी अक्कांच्या दोन्ही हातांवर पट्ट्या चिकटवल्या आणि एकामागून एक मिक्सर, पंखे, पंप पुढ्यात ठेवले. जाताना साडी-चोळी दिली, वाकून नमस्कार केला. त्या आठवड्यात अक्कांच्या उजव्या अंगठ्याला नखुरडं झालं होतं. नखाच्या कडेला पू धरलेला, अंगठा भोपळ्यासारखा सुजलेला. त्यावर त्यांनी भोक पाडलेलं लिंबू टोपीसारखं चढवलं होतं. ‘लिंबाच्या रसानं पट्टी खराब होते,’ म्हणून इंजिनिअरांनी ते काढायला लावलं. मग अक्का काय करणार? अंगठा वर धरून दोन बोटांनी काम उरकलं. त्यातल्या एका मिक्सरचा चौथा स्क्रू गंजलेला होता, तो सुटताना अंगठ्याला ठोसा बसला. जीव कळवळला, हात दोनदा झटकला. काम झालं की ठसठस उतरावी म्हणून हात घटकाभर वर धरला.

ते सगळं, जसंच्या तसं, आता लाखो लोकांच्या हातांत होतं.

“कंपनी तर म्हणते हजारो तज्ज्ञांच्या हातांचं सार काढलंय,” यास्मिन म्हणाली.

“सार न्हवं, पू.”

यास्मिनला हसावं की नाही कळेना. तिच्या हातांनी झाकण बसवलं, समाप्ती-मुद्रेत वर गेले आणि मोज्यांनी पकड सोडली. मिक्सर सुरू झाला. छान चालला. ते बघून अक्कांची मान ताठ झाली. कोकणातल्या कुठल्या खेड्यात, नागपुरातल्या कुठल्या चाळीत या घटकेला कुणाचा तरी पंखा त्यांच्याच बोटांनी सुरू होत असणार. चौथी पास बाईचा हात एवढा लांब गेला होता.

“मग परीक्षेत तुम्हाला शंभर टक्के,” यास्मिन म्हणाली. “तिथं याच प्रमाण हाताशी ताडून बघतात. तुमचा हात तुमच्याशीच जुळणार की.”

अक्कांनाही तसंच वाटलं.

गुरुवारी सकाळी त्या तपासणी केंद्रावर गेल्या. नवी साडी, केसांना तेल, पिशवीत स्वतःचा स्क्रूड्रायव्हर. त्याची मूठ त्यांच्या तळव्यानं झिजून अर्धी झाली होती. भिंतीवर कंपनीचं मोठं चित्र होतं. आई, बाप, दोन मुलं, सगळ्यांचे हात खांद्याच्या वर उंचावलेले, अंगठे ताठ. अक्का त्या चित्रासमोर जरा वेळ उभ्या राहिल्या. आपल्या ठसठशीचं एवढं सुंदर चित्र होईल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

परीक्षक पद्मनाभ उपाध्ये, वय पस्तिशीच्या आतबाहेर, चष्मा, इस्त्रीचा शर्ट. माणूस वाईट नव्हता. बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं, मनगटांना पातळ पट्ट्या बांधल्या.

“मिक्सर ठिणग्या टाकतो आणि मध्येच बंद पडतो,” ते म्हणाले. “तुमच्या पद्धतीनं करा. ऐंशी टक्क्यांच्या वर जुळलं की परवाना.”

अक्कांनी मिक्सर एकदा चालू करून ऐकला आणि बंद केला. पुढं काही विचार करावा लागला नाही. कार्बनचा एक तुकडा झिजून नखाएवढा झाला होता, आतल्या फिरत्या आर्मेचरवरची तांब्याची कडी काळी पडली होती. कडी पॉलिश पेपरनं पुसली, कार्बन बदलला, स्प्रिंग जरा ओढून घेतली, दांडा फिरतो त्या बुशात तेलाचा थेंब सोडला. अकरा मिनिटं. मिक्सर असा फिरला, की उपाध्ये वाकून बघायला लागले.

मग त्यांनी पडद्याकडं पाहिलं आणि चष्मा काढून पुसला.

“सत्तावन्न टक्के,” ते म्हणाले.

“कशाचं?”

“तुमचं. प्रमाण हाताशी सत्तावन्न टक्के जुळलं. नापास.”

“मिक्सर चालू हाय की.”

“चालू होण्याला गुण नाहीत, बाई. ते गृहीतच आहे. गुण पद्धतीला.” त्यांनी पडद्यावरचं वाचून दाखवलं. “अंगठ्याचा अनावश्यक वापर, एकशे अठरा वेळा. झटक्याची पायरी गाळली. समाप्ती-मुद्रा नाही.”

अक्कांचा अंगठा टेबलावर होता. जाड, ठणठणीत, नखाच्या कडेला जुना पांढरा व्रण.

“साहेब, ह्यो अंगठा अनावश्यक न्हाई,” त्या म्हणाल्या. “ह्यो बरा झालाय.”

त्यांनी सगळं सांगितलं. इंजिनिअर, पट्ट्या, लिंबू, गंजलेला चौथा स्क्रू. उपाध्ये शांतपणे ऐकत होते, पण वेड्या माणसाचं ऐकतात तसं. दारापाशी पुढच्या नंबरचा प्लंबर उभा होता, तो गालात हसला.

“बाई, असं रोज कुणीतरी सांगतं,” उपाध्ये म्हणाले. “गेल्या महिन्यात एक आजोबा म्हणाले, मोज्यातला हात माझ्या वडिलांचा आहे.”

“आसंल की. तुमी तपासलं का?”

उपाध्येंनी निकालाचा कागद पुढं ओढला.

“दुसरा मिक्सर द्या,” अक्का म्हणाल्या. “मी आधी सांगते, मग करते. तुमचा प्रमाण हात पडद्यावर शेजारी लावा. तिसऱ्या स्क्रूपतूर हात सरळ चालंल. चौथ्याला दोनदा झटकंल. पयला झटका मोठा, दुसरा बारका, कारन दुसऱ्याला जास्त दुखलं. कार्बन बदलताना बोटं तीनदा थांबतील. तवा मी फुंकर मारत हुते अंगठ्यावर. झाकण लावल्यावर धा मोजंपतूर हात वर.”

फुंकरीचं कुठल्याच पुस्तकात नव्हतं. उपाध्येंना ते माहीत होतं. कारण त्या तीन थांब्यांवर कंपनीच्या प्रशिक्षणात चांगला तासभर चर्चा झाली होती. एका तज्ज्ञानं त्याला ‘निरीक्षणाचे विराम’ असं नाव दिलं होतं आणि उपाध्येंनी ते वहीत उतरवून घेतलं होतं.

त्यांनी दुसरा मिक्सर काढून दिला.

अक्कांनी रुमालाची चिंधी करून अंगठा तळापासून टोकापर्यंत आवळला. मग काम सुरू केलं. आता त्यांचा हात कसा अवघडून, चोरट्यासारखा चालत होता. त्यात सफाई होती, पण भीतीही होती. कुठं लागू नये म्हणून जपणाऱ्या माणसाची भीती. पडद्यावर प्रमाण हाताची निळी रेघ होती आणि अक्कांची लाल. दोन्ही एकमेकींवरून अशा सरकल्या, की दोन वेगळ्या ओळखू येईनात. चौथा स्क्रू. मोठा झटका, बारका झटका. कार्बन. अक्कांनी तीनदा अंगठ्यावर फुंकर मारली, निळी रेघ तीनदा थांबली.

दारातला प्लंबर आता हसत नव्हता. तो पुढं येऊन टेबलाला टेकला होता.

“नव्व्याण्णव,” उपाध्ये म्हणाले.

यंत्रानं परवाना छापूनही टाकला. हिरव्या कागदावर अक्कांचं नाव, फोटो, पाच वर्षांची मुदत. उपाध्येंनी तो टेबलावरून पुढं सरकवला.

“घ्या अक्का. झालं तुमचं काम.”

पहिल्यांदाच त्यांनी बाई सोडून अक्का म्हटलं होतं. अक्कांनी चिंधी सोडली, रक्त परत येईपर्यंत अंगठा चोळला आणि कागद उचलून डोळ्यांजवळ धरला.

“हितं खाली बारीक काय लिवलंय?”

“काम करताना ही पट्टी बांधायची. तीनदा ऐंशीच्या खाली गेलं की परवाना रद्द.”

“म्हंजे जलमभर अंगठा बांधून काम करायचं.”

“सवय होईल,” उपाध्ये म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांनाच ते कसंतरी वाटलं. “दुसरा मार्ग नाही हो. परवाना नसला तर उघड्या हाताच्या कामाला दंड आहे. मोजे घालून करा म्हटलं तर ते तुम्हाला चालणार नाही.”

“मोजे घालू? माझाच हात माझ्यावर चढवू, ह्या नखुरड्यासकट?”

अक्कांनी हिरवा कागद परत टेबलावर ठेवला आणि तळव्यानं सपाट केला. रागानं ओरडल्या असत्या तर उपाध्येंना सोपं गेलं असतं. त्या ओरडल्या नाहीत.

“साहेब, मी पस्तीस वर्सं मोटारी भरल्या. चाळीस बायकांना शिकीवलं. आठ दिवस माझा अंगठा आजारी हुता, त्यातलेच पाच दिवस तुमी नेले आन् देशाला शिकीवले. त्येचा मला राग न्हाई. आजारी हातानं सुदिक लोकांचे मिक्सर चालले, मला भूषण हाय त्येचं. पर चांगला हात हितं तुमच्या म्होरं बसलाय आन् तुमी त्येला नापास करताय. मला त्यो पयला निकाल द्या. सत्तावन्नचा.”

“नापासाचा?”

“व्हय. आन् शेऱ्यात लिवा, प्रमाण हात आजारी हुता.”

“ते लिहिलं तर वरून मला विचारतील.”

“इच्यारू द्या. मग तुमी मला बोलवा, मी सांगते.”

“आणि तुमचं काम? पोट?”

“माझं दार दिवसभर उघडं आसतंय. मी आत बसून उघड्या हातानं मिक्सर खोलणार. ज्याला दंड करायचाय त्यानं यावं. येताना घरातलं बंद पडलेलं काय आसंल तर घिऊन यावं.”

प्लंबर म्हणाला, “साहेब, लिहा. माझा पण निकाल आधीच सत्तावन्नचा लिहून ठेवा.” आणि बाकावर जाऊन बसला.

उपाध्येंनी पेन उचललं. या खुर्चीत बसल्यापासून त्यांनी शेऱ्याच्या चौकटीत ‘निरंक’ सोडून काही लिहिलं नव्हतं. त्यांनी एक ओळ लिहिली, मग खाली आणखी तीन. मिक्सर दोन्ही वेळा चालू झाला, हेही लिहिलं. सही केली. अक्कांनी नापासाचा कागद घडी करून पिशवीत टाकला, स्क्रूड्रायव्हरशेजारी. हिरवा कागद तिथंच राहिला.

त्या उठल्या. उपाध्ये मात्र उठले नाहीत. ते खोललेल्या मिक्सरच्या स्क्रूंकडं बघत होते.

“अक्का, जरा थांबता?” ते म्हणाले. “परीक्षा आत्ता आली, मी सहा वर्षं इथं प्रमाण हात शिकवतो. सहाशेवर लोकांना शिकवलं. रोज मोजे घालून. मोजे काढून कधी केलंच नाही.”

“मग करा की आता.”

त्यांनी बाही दुमडली. नुसता, गोरा, कधी तेल न लागलेला हात. एक स्क्रू उचलला. तर्जनी, मधलं बोट, आणि अंगठा आपसूक ताठ वर गेला. त्यांनी डाव्या हातानं तो खाली दाबला. सोडल्याबरोबर परत वर. पुन्हा दाबला, पुन्हा वर. स्क्रू निसटून टेबलाखाली गेला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. चौथ्याला त्यांचा हात हवेत दोनदा झटकला. मोठा झटका आणि मग बारका.

ते आपल्या हाताकडं बघत राहिले. “मला तर काही दुखत नाहीये,” ते हळू आवाजात म्हणाले.

दारातल्या यंत्रानं पुढचा नंबर पुकारला. प्लंबर जागचा हलला नाही.

“एकदा धरून दाखवा, अक्का. अंगठा नेमका कुठं टेकवायचा?”

चाळीस बायकांना अक्कांनी असंच शिकवलं होतं. पाठीमागून वाकून, त्यांच्या हातावर आपला हात ठेवून. सवयीनं त्यांचा हात पुढं गेला आणि उपाध्येंच्या बोटांपासून वीतभर अंतरावर थांबला.

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “मी धरला तर परत माझाच बसंल. ह्या खेपंला बरा झाल्याला, एवढंच. तुमचा तुमी शोधा.” आणि समोरची खुर्ची ओढून त्या पुन्हा बसल्या. “मी बसते हितं. पाडा किती पाडायचं ते स्क्रू.”

उपाध्येंनी खाली वाकून स्क्रू गोळा केले. यावेळी त्यांनी डोळे मिटले, स्क्रू तळहातावर लोळवला, त्याचं टोक चाचपलं. बोटं वेड्यासारखी एकमेकांत अडकली. बऱ्याच वेळानं अंगठा चाचरत खाली आला आणि स्क्रूच्या डोक्यावर टेकला. वाकडाच टेकला, पण टेकला. मळ्याच्या दगडी बांधावर पहिल्यांदा पाय ठेवणाऱ्या लहान मुलासारखा.

त्यांनी डोळे उघडले आणि आधी अक्कांच्या अंगठ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या.

“पण मला कळणार कसं, अक्का? हा खाली आलाय तो माझा मी आणला, की मघापासून तुमचा बघतोय म्हणून आला?”